सड्यावरचं बारसं

"हलू नकोस," सर म्हणाले. "उघडतंय."

मला हलायची हौस नव्हती. गुडघ्यांत जांभ्या दगडाचे दात रुतले होते आणि पोटात सकाळपासून ढवळत होतं. समोर वीतभर उंचीचा एक दांडा जमिनीतून सरळ वर आला होता. पान नाही, पाला नाही, नुसता दांडा आणि त्यावर मिटलेल्या कळ्या. सूर्य समुद्रात उतरला तशी खालची कळी किंचित थरथरली आणि तिच्या सहा पाकळ्या मागे वळल्या. पांढऱ्या, मधोमध तपकिरी रेघ असलेल्या. मग तिच्या वरची उघडली, मग पलीकडच्या दांड्यावरची. थोड्याच वेळात आमच्या भोवतीचे सगळे दांडे फुलून उभे राहिले आणि दुधासारखा आंबूस वास सुटला.

सडा म्हणजे कोकणातलं डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. वैशाखात त्यावर भाकरी भाजायला तवा लागत नाही. अशा ठिकाणी, पाण्याचा थेंब नसताना, जमिनीत पुरलेल्या एका कांद्याच्या जोरावर हे झाड फुलत होतं. बिवलकरसर पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि मी त्यांची संशोधक विद्यार्थिनी. आदल्या वर्षी कोणीतरी त्यांना याच हुरसाळ गावातून एक वाळका दांडा पाठवला होता. रानकांद्याच्या जातकुळीतला होता खरा, पण आम्ही देशभरचे नमुने धुंडाळले, एकाशीही जुळला नाही. सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. आपल्या हातून एक तरी नवी जाती जगापुढे यावी, एवढी एकच इच्छा त्या माणसाने आयुष्यभर धरली होती. माझी डॉक्टरेटही याच दांड्याला टांगलेली होती.

"कांदा काढला की झालं," सर म्हणाले. "कांद्याचं झाड आणि कांदाच पाहिलेला नाही, म्हणजे नवरदेवावाचून वरात. कोणी छापणार नाही. चला वीणाबाई, बारशाची तयारी करा."

आमच्या विभागात नव्या झाडाला नाव देण्याला सगळे बारसंच म्हणत. पेढेही वाटत. पण आम्हाला वर घेऊन आलेला तातू ते ऐकून दचकला. तो गावातला चाळिशीचा माणूस, दिवसभर आमच्याशी गप्पा मारत होता. इथे पोचल्यावर मात्र तो थोडा अलीकडे, सड्याच्या कडेला थांबला होता. पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

"कोणाचा बारसा?" त्याने तिथूनच विचारलं.

"हिचं." सरांनी फुलाकडे बोट दाखवलं. "हिला अजून नाव नाही ना. आम्ही ठेवणार."

तातूने हातातली बिडी खाली टाकली आणि पायाने विझवली. नुकतीच पेटवलेली होती.

"मास्तरानू, असा बोला नकात. हंयसर तरी बोला नकात."

"का रे बाबा?"

"काळोख पडता. चला."

उतरताना तो आमच्या बराच पुढे चालत राहिला. सर मात्र खुशीत होते. जातीचं नाव आपल्या गुरुजींवरून ठेवायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आमचा मुक्काम तातूच्या वहिनीकडे होता. सत्यवतीकाकी. पन्नाशीची, काटक, विधवा. एकटीच राहायची. सरांची सोय पडवीत, माझी आत. मी दारात आले तशी ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली.

"आदी पाय धू. मगे भितूर ये."

मी पाय धुतले. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कितवो म्हयनो?"

"कसला?"

"माका इचारतंस कसलो?"

मी पडवीकडे पाहिलं. "चौथा. सरांना माहीत नाही, काकी. सांगू नका. कळलं तर उद्याच्या पहिल्या एसटीत बसवतील मला."

"आणि तू तिनसांजेक थंय बसलंस," ती म्हणाली. रागावली नव्हती. घाबरली होती, आणि तेच मला आवडलं नाही.

तिने मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेतल्या, माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. आम्ही दोघी धुरात उभ्या होतो आणि दोघींपैकी कोणालाही ठसका लागला नाही. ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी, हे आमच्या घाटावरही म्हणतात. मी शास्त्राची विद्यार्थिनी, लाकडं ओली असतील, धूर वर गेला असेल, अशी कारणं मनात मांडून पाहिली. पण हात आपोआप पोटाशी गेला होता.

जेवताना मी विषय काढला. "काकी, त्या झाडाला तुम्ही काय म्हणता? सड्यावरच्या, बिनपानाच्या?"

"तेका नाव नाय."

"असं कसं? इथे तर प्रत्येक गवताला नाव आहे. आज दिवसभरात तातूने मला शंभर नावं सांगितली."

"जेका नाव नाय, तेका नाय," काकी म्हणाली आणि माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला.

सकाळी तातू आला नाही. पाहुण्याकडे गेला, असं कळलं. मग सर आणि मी कुदळ मागायला वाडीत निघालो. जांभ्यातला कांदा खुरप्याने निघायचा नाही, कुदळ नाहीतर पहार हवी. पहिल्या घरी कुदळीचा दांडा मोडला होता. दुसऱ्या घरची जावयाने नेली होती. तिसऱ्या घरी म्हातारबा अंगणात बसले होते, त्यांच्या पाठीमागे भिंतीला कुदळ टेकलेली स्पष्ट दिसत होती, आणि ते आमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "कुदाळ नाय हा आमच्याकडे." आवाजात ओशाळलेपणा नव्हता. बायका दारातून आत जात होत्या. एकीने माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला.

"या गावात शेती काय दातांनी करतात?" सर चिडले. "बाहेरून आलेल्या माणसाला नावं ठेवायला सगळे हजर, कुदळ द्यायला एक नाही."

"सर, त्यांना आवडत नाहीये आपण तिथे गेलेलं."

"आवडत नाही म्हणून थांबायला वेळ आहे का? तू पाहिलंस ना काल?"

पाहिलं होतं. सड्याच्या कडेने चुन्याचे पांढरे फुल्या-फुल्यांचे पट्टे मारले होते. सडा विकला गेला होता. पाऊस सरला की यंत्रं येणार आणि जांभा कापून चिरे काढणार. पलीकडच्या डोंगरावर तशी एक चिरेखाण होतीच, घरं मावतील एवढा चौकोनी खड्डा.

"पुढच्या वैशाखात इथे काही उरणार नाही," सर म्हणाले. "आज कांदा मिळाला नाही, तर ही जाती नावावाचून जन्माला आली आणि नावावाचून मेली. माझ्याच्याने ते बघवणार नाही."

दुपार कलल्यावर आम्ही दोघंच वर गेलो. सरांच्या पिशवीत एक जाड पात्याचं खुरपं होतं. ते जागा निवडू लागले आणि मी नेहमीप्रमाणे झाडांचा नकाशा काढायला बसले. कुठे कुठे झाड आहे, एकमेकांपासून किती लांब आहे, एवढंच काम. आणि तेच काम करताना माझी पेन्सिल थांबली.

रानातली झाडं अशी उगवत नाहीत. कुठे दाटी होते, कुठे एकटंदुकटं असतं, कुठे उतारावरून बिया वाहून ओळ होते. इथे प्रत्येक झाडाला आपापली जागा होती. प्रत्येक झाड मातीच्या एका खळग्यात होतं, आणि कातळावर माती एवढी खोल असते कुठे? प्रत्येकाच्या उशाशी तीन गोल दगड. ते जांभ्याचे नव्हते. ओढ्यातले, पाण्याने गुळगुळीत झालेले, खालून कोणीतरी उचलून आणलेले. बहुतेक दगड मातीत अर्धे रुतले होते. काही मात्र नवे वाटत होते.

"सर, ही माणसांनी लावलेली आहेत."

"कशावरून?"

"दगड बघा. अंतर बघा. आणि शेजारच्या सड्यावर हीच माती आहे, हाच वारा आहे, तिथे एकसुद्धा नाही."

"नाही म्हणूनच तर नवी जाती," सर म्हणाले. पण ते दगडांकडे बघत राहिले. "गुराख्याची पोरं मांडत असतील. खेळ असेल काहीतरी."

मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. सूर्य खाली येत होता आणि तो आंबूस वास पुन्हा सुटायला लागला होता. मला त्याची ओळख पटत नव्हती आणि ओळखीचा तर नक्की होता. सर एका दांड्याशी वाकले, तीन दगड बाजूला केले आणि खुरपं मातीत घातलं.

"तो नको."

सत्यवतीकाकी केव्हा आली ते कळलं नव्हतं. पायांत वहाणा नव्हत्या, खांद्यावर कुदळ होती.

"तो नको, मास्तरानू. तो शेवंत्याचो."

"बाई, ही जागा शेवंतीची आहे का?" सर उभे राहिले. "तिची परवानगी घेऊ आपण. हवं तर मी स्वतः—"

"जागा नाय. तिचो तो." काकीने खाली वाकून तीन दगड होते तसे परत मांडले. मग कुदळीच्या दांड्याने एकेक झाड दाखवत गेली, ओळखीच्या घरांकडे बोट दाखवावं तशी. "हो धाकल्या सुतारणीचो. हो आमच्या चुलत सासयेचो, मी लगीन होवन इलंय तेच्याय आदीचो. हे दोन तातूचे. दोनय एका वर्साच्या अंतरान. तेची बायल अजून हंयसर येणा नाय आणि तो त्या कडेच्या पुढे पाय घालणा नाय."

मला कालची बिडी आठवली. सरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि आपण कुठे उभे आहोत ते खाली पाहून दोन पावलं मागे सरले. मागेही एक झाड होतं. मग ते एक पाय उचललेला तसाच धरून थांबले.

"बारशाआदी गेलेली पोरा आमी जाळनव नाय," काकी म्हणाली. "हंयसर ठेवतव. कातळात खोल जावक गावणा नाय, आणि कोले उकरतत. हो कांदो इखारी. कोलो वास घेता नि लांब जाता. म्हणान वर कांदो लायतत. एकाचा पिल्लू काडून दुसऱ्याच्या वर. सगळे एकाच आवशीचे ते."

सगळी एकाच आईची पिल्लं. म्हणूनच देशात कुठेही नव्हतं ते झाड. इथून दुसरीकडे न्यायचं कारणच कोणाला कधी पडलं नव्हतं.

सर म्हणाले, "बाई, आमची चूक झाली. आम्हाला नको कांदा. वीणा, सामान आवर."

आयुष्यभराची इच्छा त्या माणसाने एका वाक्यात सोडून दिली आणि मी पिशवी भरायला लागले. तेव्हा काकी पलीकडच्या एका झाडापाशी गेली आणि खाली बसली.

"हो काडा," ती म्हणाली. "हो माझो."

आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

"पाऊस सरलो की मशीन येतला. चिरे काडतले. कोणाच्या घराक लागतले, कोणाच्या गडग्याक. ह्यांचा काय होतला, सांगा माका. पंचायतीत सांगूक जाव, तर कसला म्हणान सांगूचा? नाव नाय, गाव नाय." तिने सरांकडे पाहिलं. "तातून माका काल सांगल्यान. तुमी नाव देतास. तुमच्या पुस्तकात लिवतास. ता मगे कोणाक पुसूक येता?"

"नाही," सर म्हणाले. "एकदा छापलं की ते नाव कोणी काढून घेऊ शकत नाही. झाड राहिलं नाही तरी नाव राहतं."

"मगे काडा."

सर पुढे झाले नाहीत, म्हणून तिनेच कुदळ मारली. एका बाजूने, हळू, जपून. मातीत हात घालून तिने कांदा सोडवला. मुठीएवढा, तपकिरी पापुद्र्यांचा, मुळांसकट, आणि त्याच्या कुशीला चिकटलेलं सुपारीएवढं पिल्लू. पिल्लू तिने मोडून घेतलं आणि पुन्हा त्याच खळग्यात ठेवून माती लोटली. "ह्येका उघडा ठेवूचा नाय," ती स्वतःशीच म्हणाली. मोठा कांदा तिने मांडीवर घेतला आणि पदराने त्याची माती पुसली.

"चेडू होता, माझी लेक. अकरा दिसांचा. दुसऱ्या दिसा बारसा, पाळणो बांदून झालेलो. आमच्यात बारशाआदी पोराक नावान हाक मारूची नाय. नाव घेतला की ता जागा होता, आणि सगळ्यांकाच आयकाक जाता, नको त्यांकाय. माका दम निघाक नाय. पाचवीच्या राती मी तेका एकदा हाक मारलंय. हळूच. तेना वळान बघल्यान माझ्याकडे. अकराव्या दिसा गेला. सासू म्हणाली, तूच वाट दाखवलंस."

ती रडली नाही. मी रडले. इतका राग मला माझ्या स्वतःच्या सासूचाही कधी आला नव्हता.

"ता नाव मी कोणाक सांगूक नाय. घोवाकय नाय. आता सांगूचा हा. पण बारशाचा नाव बाईमाणसाच्या कानात सांगूचा असता." तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू पोटुशी. रातभर मी ह्योच इचार केलंय. तुझ्या कानात घालू काय नको."

सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे आणि भोवतीच्या झाडांकडे. एकेक कळी उघडत होती. ज्या माणसाने मला शुभ-अशुभावर हसायला शिकवलं, त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वीणा, नको," ते म्हणाले. "ऊठ. आपण चाललो."

मला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? तो वास कसला ते मला त्या क्षणी कळलं होतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मानेच्या वळीला येतो, तो. पण तिच्या मांडीवर कांदा होता. तो घ्यायचा आणि त्याच्याबरोबरचं नाव मात्र घ्यायचं नाही, हे मला जमेना. मी तिच्याजवळ गुडघे टेकले आणि कान पुढे केला.

तिने माझ्या कानाभोवती हाताचा आडोसा केला आणि नाव सांगितलं. एकदाच.

"हंयसर तोंडान म्हणू नको," मग ती म्हणाली. "थंय जावन लिव."

पुण्याला परतल्यावर कांदा मीच कापला. कांदा अख्खा वाळत नाही, कुजतो. तो उभा चिरून, दाबून वाळवावा लागतो. ब्लेड आत गेलं आणि पांढऱ्याशुभ्र पापुद्र्यांतून चिकट पाणी आलं, तेव्हा मी खिडकी उघडून थोडा वेळ बाहेर पाहत उभी राहिले. मग वर्णन लिहिलं. कांदा अंडाकृती, बाहेरील पापुद्रे तपकिरी, आतील पांढरे. पाने फुलांनंतर येतात. फुले सूर्यास्तास उमलतात. अधिवास या शब्दापुढे मी अडकले, तर सरांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'जांभ्या खडकावरील मातीचे खळगे.' "एवढं पुरे," म्हणाले. नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. गुरुजींचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

झाडाच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द वंशाचा असतो, आडनावासारखा. तो ठरलेलाच. दुसरा आपण ठेवायचा. मी लिहिलं, 'वासंती'. ज्यांनी लेख तपासला त्यांनी खाली शेरा मारला, वसंत ऋतूत फुलणाऱ्या जातीस अतिशय समर्पक नाव. आजही सगळ्यांना तसंच वाटतं.

कार्तिकात मला मुलगी झाली. बारशापर्यंत मी तिला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. 'बाळा'सुद्धा नाही. सासूबाई म्हणायच्या, ही कसली आई, लेकराशी बोलत नाही. अकराव्या दिवशी मी तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही, कोणाला हात लावू दिला नाही. बाराव्या दिवशी नणंदेने तिच्या कानात 'मैथिली' म्हटलं, बायकांनी नणंदेच्या पाठीत धपाटे घातले, आणि मला हसू आणि रडू एकदम आलं.

वर्गात ही जाती शिकवायची वेळ येते तेव्हा मी तिचं नाव फळ्यावर लिहिते. वाचून दाखवत नाही. मुलांना वाटतं, बाईंना लॅटिन उच्चार येत नाहीत. वाटू दे. ते नाव मी मोठ्याने आयुष्यात एकदाच घेतलं आहे.

लेख छापून आला, तेव्हा मैथिली दीड वर्षाची होती. मी तिला घेऊन हुरसाळला गेले. सर आजारी होते, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, बाईंना प्रत्यक्ष हातात दे. काकी अंगणातच होती. थकली होती. लेखाचा कागद तिने उलटासुलटा पाहिला.

"खंय हा?"

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ती बराच वेळ ते तसंच धरून बसली.

"आणि कांदो?"

"पुण्यात आहे. कागदावर शिवून, कपाटात ठेवलाय. त्याच्यावरही हेच नाव आहे. जगात कोणालाही ही जाती ओळखायची असली, तर तोच कांदा बघावा लागतो."

"थंय गरम नाय ना होणा?"

"पंखा आहे, काकी."

"बरा," ती म्हणाली आणि उठली. "चल. वर जाव."

मी नको म्हणायला हवं होतं. उन्हं उतरत होती. पण ती चालायला लागलीसुद्धा, आणि मी मैथिलीला कडेवर घेऊन तिच्यामागे निघाले. वर सडा नव्हता. चुन्याच्या फुल्यांपासून सुरू होऊन समुद्राच्या बाजूपर्यंत एक खाण होती. सरळ कापलेल्या लाल भिंती, तळाशी हिरवं पाणी. तातू उभा राहायचा ती कड तेवढी शिल्लक होती. काकी तिथवर गेली आणि मी तिच्या शेजारी. सगळीकडे नुसती लाल धूळ होती. तरी सूर्य टेकला तशी मला तो आंबूस दुधाचा वास आला. वैशाखात, त्याच वेळेला.

"आता म्हण," काकी म्हणाली. "मोठ्यान. बारसा लोकांक आयकाक जावक व्हया. अर्दाच रवला ता."

"काकी, तुम्हीच म्हणा ना."

"मी एकदा म्हटलंय." तिने हात पुढे केले. "थांब. आदी चेडवाचे कान झाकूक व्हये."

तिने मैथिलीच्या दोन्ही कानांवर आपले तळवे घट्ट दाबले. एरवी परक्याने हात लावला की घर डोक्यावर घेणारी माझी मुलगी गप्प राहिली. मी खाणीकडे तोंड केलं आणि मला येत होतं तेवढ्या मोठ्या आवाजात हाक मारली.

"वासंती!"

क्षणभर काही झालं नाही. मग समोरच्या कापलेल्या भिंतीतून ते नाव परत आलं. बारीक आवाजात, अर्धं तुटलेलं. मोकळ्या जागी भिंती उभ्या राहिल्या की हाक परत येते, हे मला माहीत आहे, शाळेत शिकवतात. पण काकीच्या तळव्यांमध्ये, दोन्ही कान झाकलेले असताना, मैथिलीने मान वळवली आणि वळून खाणीकडे पाहिलं.

काकीने ते पाहिलं. पोळल्यासारखे तिने हात काढून घेतले आणि तिथेच कडेला बसली.

"इली," ती म्हणाली. खूप वर्षांनी एसटीतून कोणी उतरावं, तशी म्हणाली. "तू जा आता, बाय. तुझा चेडू घेवन जा. आणि मागे बघू नको."

"आणि तुम्ही?"

"मी बसतंय वायच. आता माका हाक मारूक हरकत नाय."

ती आमच्याकडे पाठ करून, खाणीकडे तोंड करून बसली होती, एवढं मी निघताना पाहिलं. मी मैथिलीला खांद्यावर घेतलं आणि भरभर उतरायला लागले. खांद्यावरून तिचं तोंड मागे होतं. थोडं अंतर गेल्यावर तिचा हात हलायला लागला. नुकतीच शिकली होती ती टाटा करायला, आणि समोरून कोणी हात केला तरच करायची. वळण येईपर्यंत ती हसून हात हलवत होती, आणि कोणाला, ते मी वळून पाहिलं नाही.